दुसरा मॉनिटर घेतला, सहा महिने झाले, आता चहाचा कप ठेवायला जागा नाही

तर झालं असं की गेल्या वर्षभर मित्र मागे लागले होते, अरे दुसरा मॉनिटर घे, लाइफ बदलेल. लाइफ वगैरे काही बदललं नाही. पण आता कोणी तो काढून न्यायला आला तर मी भांडेन एवढं नक्की. फक्त ज्या कारणासाठी घेतला होता ना, म्हणजे गेमिंग, त्यासाठी त्याचा उपयोग सगळ्यात कमी झाला आणि ज्याचा विचारही केला नव्हता तिथे जास्त झाला. म्हणून हा लांबलचक रिव्ह्यू. ब्रँडचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढे थोड्या शिव्या आहेत.

आधी घरची परिस्थिती. डोंबिवलीत वन बीएचके, बेडरूमच्या कोपऱ्यात सुताराकडून करून घेतलेलं चार बाय दोन फुटांचं टेबल, प्लायवर सनमायका. पीसीत आय५ १२४००एफ प्रोसेसर आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं), त्याला एक २७ इंची १४४०पी १६५ हर्ट्झचा मॉनिटर (उंची १४४० पिक्सेल, चित्र सेकंदाला १६५ वेळा बदलतं), तो मेन. आठवड्यातले तीन दिवस वर्क फ्रॉम होम, त्याला ऑफिसचा लॅपटॉप वेगळा, आणि रात्री साडेदहानंतर कॉलेजची जुनी चौकडी डिस्कॉर्डवर, म्हणजे गप्पांच्या ॲपवर, जमते. म्हणजे दिवसभर लॅपटॉपच्या चौदा इंचात डोळे बारीक करून एक्सेल, आणि रात्री गेम खेळताना कोण काय बोलतंय, कोण ऑनलाइन आहे हे बघायला सारखं ऑल्ट टॅब दाबून विंडो बदलायची. याला कंटाळलो होतो.

पहिला मोह असा होता की सेम टू सेम मॉनिटर घ्यायचा, दोन २७ इंची बाजूबाजूला, फोटोत कसलं भारी दिसतं. टेप घेऊन मोजलं तर २७ इंचीची रुंदी जवळजवळ ६० सेंटिमीटर, दोन म्हणजे १२०, आणि टेबल चार फूट म्हणजे १२२. दोन सेंटिमीटरमध्ये स्पीकर, पाण्याची बाटली आणि मी. आणि मुळात दुसऱ्या स्क्रीनवर डिस्कॉर्ड आणि यूट्यूबच लावायचं असेल तर त्याला १६५ हर्ट्झ कशाला? चॅट काय १६५ हर्ट्झमध्ये वेगळं वाचता येणारे? म्हणून २४ इंची, १०८०पी, आयपीएस पॅनल (स्क्रीनचा एक प्रकार), १०० हर्ट्झ, आठ साडेआठ हजाराच्या आतला, असं ठरवलं. हा निर्णय आजही बरोबर वाटतो. सगळ्यात आधी हेच सांगेन, पैसे मेन मॉनिटरवर घाला, दुसरा साधा घ्या, आणि वाचलेल्या पैशांत आर्म, म्हणजे मॉनिटर टेबलावर अधांतरी धरणारा दांडा, घ्या. आर्मचं पुढे सांगतो.

ऑनलाइन मिळत होताच, फरकही चारपाचशेचाच होता, पण मला पॅनल चालू करून बघायचा होता. स्क्रीनवर एखाददुसरा ठिपका मेलेला निघाला तर कंपनी बदलून देईलच असं नसतं, किती ठिपक्यांपर्यंत चालवून घ्यायचं याचे त्यांचे वॉरंटीत नियम असतात, मग तीन वर्षं त्या ठिपक्याकडे बघत बसा. म्हणून लॅमिंग्टन रोड. रविवारी मेगाब्लॉक म्हणून शनिवारी गेलो, डोंबिवलीहून दादर फास्ट, दादरला पूल चढून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोडला उतरून चालत. पाटीवर डॉ. भाडकमकर मार्ग असं लिहिलेलं असलं तरी त्या नावाने विचारलंत तर निम्मे लोक तुमच्याकडे बघत बसतील. पहिला कॉम्प्युटर २००९ला बाबांबरोबर इथूनच घेतला होता, तेव्हाही असाच घाम आणि अशीच घासाघीस.

चार दुकानं फिरलो. पाचव्यात मनासारखा मिळाला, ८,२०० ला, जीएसटी बिलासकट, बिलावर सीरियल नंबर लिहून. हे नक्की करून घ्या, वॉरंटी बिलाच्या तारखेवरूनच धरतात. दुकानातल्या पोराने कुरकुर न करता खोका उघडून पॅनल लावून दाखवला, मी मोबाइलवरून पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी अशा रिकाम्या स्क्रीन लावून नाक चिकटवून बघितलं, एकही ठिपका नाही, काळ्यावर खालच्या कोपऱ्यात किंचित उजेड झिरपतो पण या किमतीत तेवढं चालतं. इथवर दुकानाला पाचपैकी पाच.

मग माझी चूक. मी विचारलं एचडीएमआय (चित्राची केबल लावायची पोर्ट) किती आहेत, कारण मला पीसी आणि ऑफिसचा लॅपटॉप दोन्ही कायमचे लावून ठेवायचे होते. "दो है दो, टेन्शन मत लो." आणि मी टेन्शन घेतलं नाही. माझ्या डोळ्यासमोर पॅनल उलटा करून ठेवला होता हो, मान वाकवून बघायला काय जात होतं? घरी येऊन बघतो तर एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीचं पोर्ट. व्हीजीए! नवीन ग्राफिक्स कार्डाला व्हीजीए असतं कुठे? फोन केला तर म्हणे "वो तो वेबसाइट पे लिखा है ना सर, आप देख के लेते", आणि उघडलेला खोका परत नाही. माझ्यासमोर त्यांनीच उघडला होता तो खोका. पाचावरून दोनवर आणलं रेटिंग.

मधला प्रवास राहिला. टॅक्सीने सीएसएमटी आणि तिथून लगेज डब्यात. टोपल्या, कापडाचे गठ्ठे, एक सायकल आणि मी माझा खोका मांडीवर आडवा घेऊन. समोरच्या काकांनी विचारलं केवढ्याला पडला टीव्ही, मी म्हटलं टीव्ही नाही मॉनिटर आहे, ते म्हणाले मग चॅनेल लागत नाहीत का, मी म्हटलं नाही, ते म्हणाले मग कशाला घेतला. घरी आल्यावर आईने शब्दन् शब्द हेच विचारलं.

लावताना पहिलीच फजिती. उत्साहात केबल केसच्या मागे जे पहिलं एचडीएमआय दिसलं त्यात घुसवली, नो सिग्नल. केबल बदलली, नो सिग्नल. मॉनिटरच खराब निघाला म्हणून दुकानदाराला मनात आणखी चार शिव्या घातल्या आणि मग ट्यूब पेटली. ते एचडीएमआय मदरबोर्डचं, म्हणजे पीसीच्या मुख्य बोर्डाचं. माझ्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ आहे, म्हणजे त्यात स्वतःचे ग्राफिक्स नाहीतच, त्या पोर्टमधून काही येणार कुठून? केबल खाली ग्राफिक्स कार्डात लावायची, जिथे पोर्ट आडवे असतात तिथे. ज्यांच्या प्रोसेसरला ग्राफिक्स आहेत त्यांचं तर अजून अवघड, बऱ्याचदा वरून पिक्चर येतंही, मग गेम चुकून त्या स्क्रीनवर उघडला की हा एवढा का रखडतोय म्हणून डोकं खाजवत बसायचं.

पिक्चर आलं. आता विंडोजच्या सेटिंग्ज. डिस्प्लेमध्ये दोन चौकोन दिसतात, १ आणि २, ते माउसने ओढून टेबलावर खरोखर जसे आहेत तसे लावायचे. हे लोक करत नाहीत आणि मग माउस उजवीकडे नेला की डावीकडून बाहेर येतो. माझ्याकडे मेनची उंची १४४० पिक्सेल आणि दुसऱ्याची १०८०, म्हणजे ३६० पिक्सेलचा फरक, तेवढ्या पट्ट्यात माउस नेला की भिंतीला आपटल्यासारखा अडकतो. चौकोन खालीवर सरकवून, जिथून आपला हात जास्त वेळा जातो ती कड जुळवायची, मी खालची जुळवली कारण टास्कबार खाली. विंडोज ११ मध्ये मल्टिपल डिस्प्लेज म्हणून भाग आहे, तिथे माउस एका स्क्रीनवरून दुसरीवर सहज जावा यासाठी एक टिक आहे, ती केली की अडकणं जवळजवळ जातं. तिथेच अजून एक टिक आहे, कोणती विंडो कुठल्या मॉनिटरवर होती ते लक्षात ठेवायची, तीही करून टाका.

हर्ट्झचं वेगळं बघावं लागतं. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन प्रत्येक मॉनिटर वरून निवडून त्याचा रिफ्रेश रेट हाताने लावायचा. आमच्या चौकडीतल्या एकाने १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन आठ महिने ६०वर वापरला आणि आम्हाला सांगत होता काय स्मूद झालंय रे. ६० हर्ट्झला चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं आणि १४४ला साधारण ७ मिलिसेकंदांनी, पण मनानेच मानलं स्मूद तर स्मूद.

आता ते एकच एचडीएमआय. तोडगा म्हणून साडेचारशेचा एचडीएमआय स्विच घेतला, दोन आत एक बाहेर, वर एक बटण. पीसी आणि लॅपटॉप दोन्ही त्याला, बटण दाबलं की अदलाबदल. झकास चालतंय, फक्त त्यातून दुसऱ्या मॉनिटरला १०० ऐवजी ६० हर्ट्झच मिळतात. आधी हळहळलो. मग गंमत कळली. डायरेक्ट केबल लावली होती त्या आठवड्यात १६५ आणि १०० असं चालू असताना काही न करता नुसतं बसलं तरी ग्राफिक्स कार्डाचा मेमरी क्लॉक (त्याच्या मेमरीचा वेग) वरच राहायचा, कार्ड कोमट, पंखा मधूनच भुर्र. दोन मॉनिटरचे रिफ्रेश रेट एकमेकांशी जुळत नसले की बऱ्याच कार्डांना हे होतं. आता दिवसा मेनला १२० आणि दुसरा ६०, बरोबर दुप्पट, क्लॉक खाली येतो, पंखा बंद. रात्री गेमला मेन परत १६५. म्हणजे १०० हर्ट्झचे पैसे वाया गेले म्हणा हवं तर, मी नाही म्हणत कारण ६० वाला फक्त पाचशेनेच स्वस्त होता.

आता आर्म. पहिले दहा दिवस दोन्ही मॉनिटर आपापल्या स्टँडवर होते. २४ इंची साधारण ५३ सेंटिमीटर, २७ इंची ६०, मिळून ११३, बसले टेबलावर, पण स्टँडचे पाय एवढे पुढे येतात की कीबोर्ड पोटाशी. आणि मी हुशारी करून दोन्ही सारखे मांडले होते, मधली फट बरोबर नाकासमोर. त्यामुळे कुठलीही स्क्रीन बघायची तर मान वळवायची, आठवड्यात मान आखडली, आईने बाम चोळून दिला आणि वर ऐकवलं, एक काय वाईट होता. मेन समोर, अगदी सरळ, आणि दुसरा डावीकडे तिरका, पुस्तक अर्धवट उघडल्यासारखा, असं केल्यापासून मान गप्प आहे. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. दोन मॉनिटरवर मिळून एक गेम पसरवायचं स्वप्न असेल तर तेही याच फटीमुळे सोडा, नेमबाजीच्या गेममध्ये क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायची खूण, बरोबर फटीवर येते. त्यासाठी लोक तीन लावतात, दोन नाही.

तर २,१०० चा गॅस स्प्रिंगवाला आर्म घेतला. घेण्याआधी मॉनिटरच्या पाठीवर चार भोकं आहेत का बघा, ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिलिमीटर, त्याला वेसा म्हणतात, स्वस्त मॉनिटरमध्ये कधीकधी नसतातच. आणि आर्म किती किलो ते किती किलो घेतो तेही. सगळे जास्तीतजास्त बघतात, कमीतकमी कोणी बघत नाही. माझा पॅनल स्टँडशिवाय तीन किलोच्या आत, आर्मची स्प्रिंग ताणलेली, पॅनल लावून हात सोडला तर तो लिफ्टसारखा वर गेला आणि हनुवटी थोडक्यात वाचली. ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) स्क्रू फिरवून स्प्रिंग ढिली करायची असते, पंधरा वीस वेळा फिरवावा लागला, घाम निघाला, पण आता जिथे सोडतो तिथे थांबतो.

आर्म टेबलाच्या कडेला आवळणाऱ्या क्लॅम्पचा प्रॉब्लेम अजून वेगळा. सुताराने टेबलाच्या मागच्या कडेला खालून मजबुतीसाठी लाकडी पट्टी मारली होती, क्लॅम्प बसेचना. त्यालाच बोलावलं, चहा आणि दोनशे रुपयांत हातभर पट्टी कापून दिली, वर ऐकवलं की आधी सांगायचं ना कॉम्प्युटरचं टेबल पाहिजे म्हणून. सनमायका चेपू नये म्हणून क्लॅम्पखाली प्लायचा छोटा तुकडा ठेवलाय. काचेचं टेबल असेल तर क्लॅम्पच्या नादाला लागू नका. आणि टेबल भिंतीला पूर्ण चिकटवता येत नाही, आर्मचं कोपर मागे जातं, माझं टेबल वीतभर पुढे आलंय. बेडरूममधली एक वीत म्हणजे काय ते डोंबिवलीकरांना सांगायला नको.

उभा करूनही बघितला, पोर्ट्रेटमध्ये. पंधरा दिवस. ऑफिसची लांबलचक लॉग फाइल वाचायला काय मस्त, स्क्रोलच नाही. पण रुंदी १०८० पिक्सेल उरते, वेबसाइट्स आकसतात, व्हिडिओ पट्टीएवढा होतो आणि अक्षरांच्या कडा थोड्या रंगीत, फिसकटल्यासारख्या दिसतात, कारण पिक्सेलमधले लाल हिरवे निळे भाग आडव्याचे उभे होतात आणि विंडोजचं अक्षरं गुळगुळीत करायचं गणित आडव्यासाठी असतं. परत आडवा केला. प्रोग्रामर लोकांना आवडेल.

गेमिंगबद्दल खरं सांगू का? नेम सुधारला नाही, रँक तर एक खाली गेली, कारण मध्येच डावीकडे लक्ष जातं. फायदा आहे तो आजूबाजूचा. डिस्कॉर्ड कायम दिसतं, कोण बोलतंय ते कळतं, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ओबीएस तिकडे, मोठ्या ओपन वर्ल्ड गेमचा मॅप किंवा कुठला बॉस कसा मारायचा याचा व्हिडिओ तिकडे. फक्त गेम फुलस्क्रीन ठेवू नका, दुसऱ्या स्क्रीनवर क्लिक केलं की बऱ्याच गेम मिनिमाइज होतात. बॉर्डरलेस किंवा विंडोड फुलस्क्रीन (पूर्ण स्क्रीनभर पसरलेली, बिनकडेची विंडो) ठेवा. पूर्वी त्यात फ्रेम्स जास्त जायच्या, विंडोज ११ मध्ये विंडोड गेमसाठी एक ऑप्टिमायझेशनचा स्विच आहे तो चालू करा, मला तरी फरक जाणवत नाही. शहरं बांधायच्या किंवा स्ट्रॅटेजीच्या गेममध्ये माउस कडेला नेऊन नकाशा सरकवायचा असतो, तिथे माउस सरळ शेजारच्या स्क्रीनवर पळतो, गेमच्या सेटिंगमध्ये माउस लॉक असं काही असतं ते शोधा. आणि विंडोज, शिफ्ट आणि डावा उजवा बाण, एवढा एक शॉर्टकट पाठ करा, बटणं एकत्र दाबली की विंडो उचलून पलीकडे जाते.

आयपीएलला मात्र वसूल झाला. इकडे गेम, तिकडे मॅच, आवाज बंद. आवाज लागतच नाही, कारण स्ट्रीम मागे असतं आणि खालच्या मजल्यावरचे काका केबलवर बघतात, ते ओरडले की मी मान वळवतो, विकेट अजून पडायची असते.

पण खरा उपयोग दिवसा, ऑफिसच्या कामाला. लॅपटॉपवर मीटिंग, मॉनिटरवर एक्सेल. पूर्वी दोन फाइल्स ताडून बघायला प्रिंट काढायचो, आता डावीकडे एक, उजवीकडे एक. बायको शिक्षिका आहे, निकालाच्या आठवड्यात मला खुर्चीवरून उठवून तीच बसते, एका स्क्रीनवर मार्कांची शीट आणि दुसरीवर शाळेचं पोर्टल, मागच्या वेळी तीन रात्रींचं काम एका रात्रीत झालं म्हणाली. तिने मॉनिटरला नावं ठेवणं त्या दिवशी बंद केलं. आईचं चालू आहे.

छोटं मोठं राहिलेलं. दोन मॉनिटरचे रंग जुळत नाहीत, नवीन जरा पिवळट, त्याच्या मेन्यूत जाऊन निळा थोडा वाढवला, ब्राइटनेस मेनपेक्षा कमी केला, नव्वद टक्के जुळलं, उरलेलं डोळ्यांनी मान्य केलं. मेनवर अक्षरं बारीक आणि धारदार, इंचाला १०९ पिक्सेल, दुसऱ्यावर ९२, सुरुवातीला खटकतं. त्याचे आतले स्पीकर म्हणजे डब्यात कोंडलेली माशी. वीज किती खातो म्हणून आईने विचारलं होतं, साधारण वीस वॅट, रोज आठ तास धरलं तरी महिन्याला पाच युनिट. पण यूपीएसवर दुसरा मॉनिटर लावू नका, माझा ६०० व्हीएचा आहे म्हणजे खरे ३६० वॅटच, गेम चालू असताना पीसी आणि मेन मॉनिटर मिळूनच तो काठावर असतो. दुसरा साध्या स्पाइक गार्डवर, लाइट गेली तर तो जाऊ दे, पीसी बंद करायला दोन मिनिटं मिळाली बास.

सगळं मिळून मॉनिटर ८,२००, आर्म २,१००, स्विच ४५०, जास्त लांबीची केबल ३५० (आर्म हलला की डब्यातली केबल ताणली जाते, लांब घ्याच) आणि सुतार २००, म्हणजे ११,३००, टॅक्सी वेगळी. फक्त गेम खेळत असाल, घरून काम नाही, तर या पैशांत एसएसडी किंवा बरी खुर्ची घ्या. मॉनिटरला पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या व्हीजीएचा कापला. आर्मला साडेचार. मूळ स्टँड माळ्यावर गेलाय, खोका वॉरंटीसाठी कपाटावर ठेवला होता, त्यात आता आईने दिवाळीचे कंदील भरलेत.